तू म्हणावा असा बाप

मराठी घरात ‘ए आई’ आणि ‘अहो बाबा’ ही वाटणी फार जुनी. आईच्या पदराला नाक पुसता येतं, तिच्यावर रुसता येतं, तिला बिनधास्त ‘तू’ म्हणता येतं. वडिलांसमोर मात्र आवाज खाली आणि सर्वनाम वर. देवाला पुन्हा ‘तू’च, मग तो केवढाही मोठा असो. विठोबाला माउली म्हटलं की हा ‘तू’ आपसूक जिभेवर येतो. ख्रिस्ती माणसाची पंचाईत अशी की प्रभूची प्रार्थना सुरू होते तीच ‘पित्या’ या हाकेने. घरात कुणी कुणाला ‘पित्या’ म्हणून हाक मारत नाही. पोथीतल्या या शब्दात माया यायची कुठून?

रेव्हरंड नारायण वामन टिळकांना तर ती घरातून उचलून आणायची सोयच नव्हती. 1861 साली रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्या या मुलाचे वडील तापट. बापलेकांचं कधी जमलं नाही. मायेचं जे काही होतं ते आई जानकीबाईंकडे, आणि कवितेची ओढही तिच्याकडूनच आलेली. अकराव्या वर्षी आई गेली. पोराने घर सोडलं, नाशिक गाठलं, माधुकरी आणि लोकांची दया यांवर शिकला. पुढे ज्यांना महाराष्ट्राने फुलामुलांचे कवी म्हटलं, त्यांचं स्वतःचं बालपण असं अर्ध्यातच संपलं. त्यांची ‘केवढे हे क्रौर्य!’ ही कविता शाळेत शिकताना जखमी पक्षिणीच्या पिलांसाठी अनेकांचे डोळे भरून आले असतील. आईविना उरलेली पिलं कवीला कल्पनेने उभी करावी लागली नव्हती.

1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांची एका अनोळखी युरोपियन माणसाशी गाठ पडली. त्याने नव्या कराराची प्रत हातात ठेवली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं सांगून टाकलं. टिळक वाचायला बसले आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी खिळून राहिले. मत्तयाच्या शुभवर्तमानातले हे तीन अध्याय, पाच ते सात. मोजून पाहिलं तर त्यांत देवाला 17 वेळा बाप म्हटलेलं आहे. हा बाप पाखरांना दाणा घालतो, ऊन-पाऊस देताना भला-बुरा पाहत नाही, मागण्याआधी गरज ओळखतो. पोराने भाकरी मागितली तर हातावर धोंडा ठेवणारा बाप असतो का, असा रोखठोक सवालही तिथेच आहे. दारोदार जेवलेल्या माणसाने तो कसा वाचला असेल?

10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. एक बाप मिळाला आणि सगळे आप्त दुरावले. पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन पंढरपुरी राहिल्या. ज्या गावात देवाला मायबाप म्हणतात तिथे बायको-मुलगा, आणि इकडे नगरला नव्या धर्मातला एकटा नवरा.

टिळकांनी पुढे शेकड्यांनी भजनं रचली. अभंग, ओवी, सगळा देशी बाज. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते सांगत. या रचनांत ख्रिस्त वारंवार माउली होतो, गुरू होतो. वारकरी वळण, असं म्हणून हे सोडून देता येईल. पण बापाच्या प्रेमासाठी या माणसाकडे शब्द होता तो आईचाच, असंही म्हणायला जागा आहे. ‘बापाचे अश्रू’ हे त्यांच्या एका दीर्घ कवितेचं नाव. पुरुषाने डोळ्यांतलं पाणी लपवायचं, असा तो काळ. त्यांनी ते मथळ्यातच मांडलं.

लक्ष्मीबाईंची वाट आणखी बिकट. 1857 च्या धामधुमीत त्यांचे आजोबा फासावर गेले आणि त्यानंतर वडिलांना सोवळ्याने झपाटलं. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात यायचा नाही. या जाचाचं वर्णन ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्या इतक्या हसत करतात की वाचणाऱ्यालाच कसंसं व्हावं. अशा बापाची ही लेक एके दिवशी स्वतःलाच विचारते, जाती देवाने केल्या की माणसाने? उत्तर मिळालं आणि सोवळं गळून पडलं. 1900 मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. प्रभूच्या प्रार्थनेत बाप ‘आमचा’ आहे, ‘माझा’ नाही, आणि टिळकांच्या घरात त्या अनेकवचनाचा अर्थ चुलीपर्यंत पोचला होता. दुष्काळातली निराधार पोरं घरी यायची, बालकवी ठोंबरे त्यांच्याकडे राहून गेले. टिळक उदार मनाने माणसं आणत. ताटं वाढायच्या लक्ष्मीबाई. देवबापाच्या प्रेमाचा हिशेब मांडताना हा खर्च कुठल्या खात्यावर टाकायचा?

सगळ्यांचेच बाप असे नव्हते, हेही सांगायला हवं. पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं; रमाबाईंना ते आईकडून मिळालं. 1874 च्या सुमारास दुष्काळात प्राण सोडताना वडिलांनी या धाकट्या लेकीला जवळ घेतलं आणि तिला देवाच्या हाती सोपवलं. रमाबाई ख्रिस्ती झाल्या 1883 मध्ये, इंग्लंडात. त्या निरोपाची आठवण त्यांनी शेवटपर्यंत जपली.

येशू स्वतः प्रार्थनेत ‘अब्बा’ म्हणे. हा अरामी शब्द ग्रीक नव्या करारात भाषांतर न होता तसाच तीनदा राहिला आहे, आणि घरात लहानमोठे सगळेच तो वापरत. गोव्यातली कोंकणी प्रार्थना ‘बापा’ म्हणते. मराठीने ग्रांथिक ‘पिता’ उचलला, पण सर्वनाम मात्र आईचं लावलं. वडिलांना ‘अहो’ म्हणणाऱ्या पिढ्यांनी स्वर्गातल्या बापाला ‘तू’ म्हटलं, हे व्याकरण कुठल्या समितीने ठरवलं नसेल.

1917 साली टिळक मिशनच्या चाकरीतून बाहेर पडले आणि साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. 9 मे 1919 ला ते गेले. ‘ख्रिस्तायन’ या त्यांच्या महाकाव्याचे दहाएक अध्याय लिहून झाले होते. पुढचे साठाहून अधिक लक्ष्मीबाईंनी लिहिले. त्यांना अक्षर गिरवायला टिळकांनीच शिकवलं होतं. शेवटचा अध्याय दत्तूचा, म्हणजे देवदत्त टिळकांचा.

आता शहरातली पोरं घरातही सर्रास ‘ए बाबा’ म्हणतात. रविवारी चर्चमध्ये पेटी-तबल्यावर टिळकांचं भजन लागतं, टाळ वाजतात. मग प्रार्थनेसाठी सगळे उभे राहतात आणि बाबाला ‘तू’ म्हणणारी ती पोरं, शेजारी उभ्या आजोबांबरोबर, मोठ्याने ‘पित्या’ म्हणतात.