पावसाच्या मापाची गोधडी

पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात. पडलेलं पाणी न वाहता, न मुरता जागच्या जागी साचलं असतं तर किती उंच चढलं असतं, तो हा आकडा. आकड्यांपासून रोजच्या वापरातल्या वस्तू करताना मला पाऊस सगळ्यात जवळचा वाटतो, कारण त्याचं माप बदलावंच लागत नाही. एक मिलिमीटर पाऊस, एक मिलिमीटर कापड.

हवामान खातं सकाळी साडेआठला मागच्या चोवीस तासांचा पाऊस नोंदवतं. 1 जून ते 30 सप्टेंबर, म्हणजे 122 दिवस. ज्या दिवशी जेवढा पाऊस, तेवढ्या रुंदीची पट्टी. शिलाईत दबणारं कापड वेगळं धरायचं. कापड जुन्या सुती साड्यांचं घ्यावं. धुऊन धुऊन ते आटायचं तेवढं आटलेलं असतं. कोऱ्या कापडाचं मोजमाप पहिल्याच धुण्यात बिघडतं. मुंबईच्या पावसाळ्याची गोधडी दोन मीटरच्या पुढे जाते. माणदेशातली तान्ह्या बाळापुरती होते.

खरी कसोटी कोरड्या दिवसांची. शून्याची पट्टी कापणार कशी? आणि तो दिवस गाळला तर नोंद खोटी. त्या दिवशी मी कापड न जोडता लाल दोऱ्याचा एक धावदोरा घालते. पावसानं ओढ दिली की हे धावदोरे एकमेकांना खेटून येतात आणि तिथे गोधडी कडक होते. अंधारात हात फिरवला तरी खंड कळतो.

रंगांवर भिस्त ठेवणं मला पटत नाही. निळा म्हणजे जोरदार, पिवळा म्हणजे किरकोळ असं ठरवलं की शेजारी सूची लावावी लागते. म्युनिकच्या परिसरात 2018 सालच्या रेल्वेच्या उशिराचा गळपट्टा रंगांत विणला गेला, तो मला आवडतो. पण उशिराला हातात धरण्याजोगी लांबी नसते. पावसाला आहे.

26 जुलै 2005 चा दिवस घ्या. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर, कुलाब्याला 75सुद्धा नाही. कागदावर आलेख काढणारे असा उंच खांब मध्येच तोडून दाखवतात. कापडावर मी तो तोडत नाही. सांताक्रूझची पट्टी जवळजवळ मीटरभर, सलग. कुलाब्याची चार बोटं.

पर्जन्यमापक आता महसूल मंडळापर्यंत पोचले आहेत. आपल्या मंडळाच्या एका जुलैचे आकडे मिळवा, घरातली जुनी साडी काढा आणि सुरुवात करा. कोरडे दिवस तेवढे गाळू नका.