लाल शाईने खोडलेले नाव

पवनी तालुक्यातल्या आमच्या कोंढा गावी विहाराच्या भिंतीवर एक फलक लावायचा, असे मंडळाच्या बैठकीत ठरले. गावातले आणि आसपासच्या वस्त्यांतले जे कोणी फौजेत गेले आणि परत आले नाहीत, त्यांची नावे मुलाबाळांना वाचायला मिळावीत, एवढाच हेतू. आम्ही पेशाने कारकून, शिक्षण बी. कॉम.; तेव्हा यादी करण्याचे काम आमच्याच गळ्यात पडले. कागद जुळवण्यात आणि तारखा तपासण्यात आमचे अर्धे आयुष्य गेले. आपल्या हातून यात चूक व्हायची नाही, असा थोडा गर्वही होता. तो कसा उतरला ते वाचकांपुढे ठेवतो.

फलकावर मथळा ठरला होता, ‘दुसरे महायुद्ध, १९३९ ते १९४५’. यादीतल्या एका नावासमोर मृत्यूची तारीख होती ऑक्टोबर १९४६ ची. आम्ही मनाशी हिशेब केला. जपानने शरणागतीच्या कागदावर सही केली २ सप्टेंबर १९४५ रोजी. लढाई संपल्यावर वर्षाने मेलेला माणूस लढाईत मेला कसा? आम्ही लाल शाईचा पेन काढला, नाव खोडले आणि समासात लिहिले, ‘तारीख जुळत नाही’.

चार दिवसांनी त्या सैनिकाची मुलगी आमच्या दारी आली. वय ऐंशीच्या घरात. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत राशन कार्ड आणि घडीवर फाटत आलेला एक पिवळा कागद. पाणी घेतले नाही. उभ्यानेच म्हणाली, “भाऊ, माहा बाप खोटा मेला का जी?”

आमच्याजवळ उत्तर नव्हते. कागद फौजेच्या कचेरीचा होता. सैनिकी इस्पितळात आजाराने निधन झाल्याचे त्यावर लिहिले होते. तारीख तीच, १९४६ ची. “मले तं त्याईचं तोंडबी आठवत नाही,” ती म्हणाली. “धान कापनीत तार आली, एवढं माय सांगे.” पदकही होते म्हणे, पण ते एका दुष्काळी साली गहाण पडले, ते सुटलेच नाही.

कागद खोटा नव्हता, बाई खोटी नव्हती. मग चूक आमच्या हिशेबात असली पाहिजे. भंडाऱ्याच्या एका निवृत्त सुभेदारांना भेटलो. ते हसून म्हणाले, “बाबूसाहेब, बंदूक थांबली म्हणून फौज घरी येते का?” वाट त्यांनीच दाखवली.

दोन्ही महायुद्धांत ब्रिटिश साम्राज्याच्या फौजांतून जे मेले, त्यांच्या नोंदी ठेवणारा एक आयोग १९१७ साली स्थापन झाला. आज त्याचे नाव कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज् कमिशन. दोन्ही युद्धांसाठी त्याने मुदती ठरवलेल्या आहेत. पहिल्या युद्धाची मुदत ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१. दुसऱ्याची ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७. शाळेत आपण ११ नोव्हेंबर १९१८ ला पहिले युद्ध संपवतो. तो तोफा थांबल्याचा दिवस. कायद्याने युद्ध संपले ते पुढे जवळजवळ तीन वर्षांनी. या मुदतीत जो नोकरीत असताना मेला, मग तो गोळीने मेलेला असो, तापाने असो की अपघाताने, त्याची नोंद होते. नोकरीतून सुटून घरी आलेला माणूस मुदतीत मेला, तर मात्र त्याचा मृत्यू सेवेमुळेच झाला हे दाखवावे लागते.

आपल्याकडच्या कित्येक गावांत पहिल्या युद्धाची संगमरवरी पाटी असते. अमुक इतके लोक गेले, अमुक इतके मेले, आणि साल १९१४-१९१९. पुष्कळांना हे साल चुकलेले वाटते. पण व्हर्सायचा तह झाला तो २८ जून १९१९ रोजी. दिल्लीच्या इंडिया गेटवर तर १९१९ च्या अफगाण युद्धात पडलेल्यांचीही नावे आहेत.

दुसऱ्या युद्धाचेही तसेच. जपान हरल्यावर आपल्या पलटणी लगेच परतल्या नाहीत. १९४५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात जावा बेटावरच्या सुराबाया शहरात हिंदी जवान पडत होते, त्यात मराठा लाइट इन्फंट्रीचेही होते. १९४६ साली हिंदी तुकड्या जपानात पहाऱ्यावर होत्या. आणि जे इथेच छावणीत, इस्पितळात गेले, त्यांना ना परदेशी थडगे, ना रणांगणावरची शिळा. अशा पंचवीस हजारांहून अधिक अविभाजित हिंदुस्थानच्या सैनिकांचे स्मारक दिल्ली आणि कराची या दोन्ही ठिकाणी आहे.

तारखांचा दुसराही घोळ असतो. बेपत्ता झालेल्या शिपायाचा मृत्यू कोणी पाहिलेला नसतो. मग कधी अंदाजाने तारीख लिहितात, कधी ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत’ असेही लिहितात. हे वाचून आम्हा कारकुनाला आपल्याच घरचा दाखला आठवला. आपल्या समाजात किती जणांचा जन्म १ जुलैचा? निम्म्या वर्गाचा! आई-बाप अडाणी, गुरुजींनी शाळेत नाव घालण्यापुरती सोयीची तारीख टाकली, आणि तीच पुढे नोकरीत, पेन्शनीत चालली. म्हणून काय आपण जन्मलोच नाही? कागदावरची तारीख घटनेची असते, कधी नोंदीची असते, कधी नियमाची असते. ती कशाची आहे हे विचारल्याशिवाय पेन उचलू नये.

आपल्याला तर हे जास्तच समजायला हवे. कोरेगावच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या कंपनीच्या ४९ सैनिकांची नावे आहेत. त्यांतली २२ नावे शेवटी ‘नाक’ असलेली. ती कोरलेली होती म्हणून आज आपण ती वाचू शकतो. पुढे त्याच समाजाला फौजेची दारे बंद झाली. पहिल्या युद्धात गरज पडली तेव्हा १९१७ साली १११ महार ही पलटण उभी केली, आणि गरज सरताच १९२१ पर्यंत मोडून टाकली. दुसऱ्या युद्धात बाबासाहेबांच्या पाठपुराव्याने १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली, आणि १९४२ साली आपल्या जवळच्या कामठीला दुसरी. आमच्या यादीतला तो शिपाई याच काळात भरती झालेला.

सगळ्या मृतांना सारखा मान, पद-वंश-धर्म पाहायचा नाही, हे त्या आयोगाचे तत्त्व. तरी त्याने स्वतःच नेमलेल्या समितीने २०२१ साली कबूल केले, की पहिल्या युद्धातल्या ४५ ते ५४ हजार मृतांची नोंद इतरांसारखी झाली नाही, आणि किमान १ लाख १६ हजारांची नावाने नोंदच नाही किंवा मुळीच नोंद नाही. यात बहुतेक हिंदी, आफ्रिकी आणि इजिप्तचे लोक होते. आयोगाने त्याबद्दल माफी मागितली. हे वाचताना आमची मान खाली गेली. तिकडे साहेबाच्या कचेरीत जे झाले, तेच आम्ही कोंढ्यात बसून एका लाल पेनाने केले होते!

आयोगाच्या नोंदी आता संगणकावर पाहता येतात. एका मुलाला घेऊन बसलो. तीन संध्याकाळी गेल्या, कारण नाव आणि गाव कोण्या बाबूने ऐकले तसे लिहिलेले. शेवटी बापाचे नाव आणि भंडारा जिल्हा जुळला, तारीख पिवळ्या कागदाशी जुळली. दिल्ली-कराचीच्या यादीत तो होता.

पुढच्या बैठकीत आम्ही उभे राहून चूक कबूल केली. मथळ्यातली सालेही काढली. आता फलकावर लिहिले आहे, ‘फौजेच्या सेवेत निधन पावलेले आमच्या गावचे जवान’. प्रत्येक नावापुढे तारीख आहे, जशी कागदात आहे तशी. बाईला वाचता येत नाही. तिने विचारले, “यातलं माह्या बापाचं कोनतं?” आम्ही दाखवले. तिने ओळीवरून बोट फिरवले आणि पिशवी उचलून घरी गेली.

वाचकहो, तुमच्या घरी पेटीत, देव्हारा होता त्या कोनाड्यात, नाहीतर आजीच्या लुगड्याच्या घडीत असा एखादा कागद असेल. तारीख विचित्र दिसली म्हणून तो फेकू नका, कोणाच्या सांगण्यावरून तारीख सुधारूही नका. झेरॉक्स काढून ठेवा, घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, त्या साली धान होते की नव्हते, पाऊस पडला की नाही, तेही टिपून ठेवा. आणि कोणाचे नाव खोडायची पाळी आली, तर आधी त्याच्या लेकीला विचारा.