अण्णांचा प्रश्न

आज कोगनोळीतल्या आमच्या रानातली एक गोष्ट सांगतो.

१९७४ साल. मी अर्जुननगरच्या देवचंद कॉलेजात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. त्या वेळी आमच्या सगळ्या रानात विडीची तंबाखू. दसऱ्याच्या सुमारास पानं खाणारी अळी पडली आणि थोरले बंधू अण्णा पाठीवर पंप घेऊन दिवसभर औषध मारत होते. (विषाला आमच्याकडे औषधच म्हणतात!) पंप गळका, अंगात नुसती बंडी. दुपारी धोतराला हात पुसून तशीच भाकरी खाल्ली. तिन्हीसांजेला तोंडातून लाळ, दरदरून घाम, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. ट्रकात घालून निपाणीला नेलं. डॉक्टर रात्रभर थोड्या थोड्या वेळाने अ‍ॅट्रोपिनची इंजेक्शनं देत होते. वाचले. पण आजही शेजारच्या रानातून तो उग्र वास आला की अण्णा हातातलं काम टाकून घरी येतात.

पुढे मी बँकेत लागलो. पीककर्जाच्या कागदात 'औषधे' असा रकाना असायचा. शेकडो अर्जांवर तो भरला, पावत्या तपासल्या. पण हातमोजे आहेत का, तोंडाला फडकं बांधता का, असं एकालाही विचारलं नाही. स्वतःच्या घरात एवढं होऊनसुद्धा! २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हा टीव्हीसमोर बसून मला तो रकानाच दिसत होता.

यंदा दिवाळीला अण्णांचा नातू आला. धारवाडच्या कृषी विद्यापीठात शिकतो. म्हणाला, "आजोबा, आता आरएनएची फवारणी आलीय." मला काही उमजेना. शेवटी त्याने बँकेच्या भाषेत सांगितलं. डीएनए म्हणजे तिजोरीतलं लेजर, त्यावरून पेशीत निघणारा निरोप म्हणजे चेक. फवारलेला दुपदरी आरएनए किड्याच्या पोटात गेला की त्याच्याच पेशी नेमका तेवढाच चेक फाडतात. लेजरला हात लागत नाही, पण एक गरजेचं प्रथिन बनायचं थांबतं आणि किडा मरतो. सही जुळली तरच हे होतं, म्हणून इतर जिवांना धोका कमी. म्हणजे आमचं स्टॉप पेमेंटच की! फायर आणि मेलो यांनी १९९८ मध्ये हे दाखवलं, २००६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये बटाट्याची पानं खाणाऱ्या भुंगेऱ्यासाठी लेडप्रोना नावाच्या अशा औषधाला मंजुरीही मिळाली.

अण्णा आता ऐंशीचे. सगळं ऐकून म्हणाले, "आपल्या अळीवर चालतंय काय?"

"अजून तसं नाही, आबा. भुंगेऱ्यावर चांगलं चालतं. अळीच्या पोटातला रस ते आधीच तोडून टाकतो."

थोडा वेळ गप्प बसले. मग विचारलं, "वास येतोय काय त्याला?"

"नाही."

"मग फवारलंय हे बांधावरच्या माणसाला कळायचं कसं?"

नातू माझ्याकडे बघायला लागला. मी चहा सांगायला आत गेलो.