पांढऱ्या बटेचा हट्ट

पडद्यावरच्या आईचा चेहरा कसा घडतो, ते रंगभूषेच्या अंगानं लिहा, असा संपादकांचा निरोप आला आणि मी लगेच रीमा लागूंचं नाव कळवलं. त्यांच्या चेहऱ्याला रंग लावायची संधी मला कधी मिळाली नाही. पण पडद्यावर वय कसं दिसतं हे शिकवताना मुलींपुढे मी ज्यांचं काम ठेवत आले, त्या रीमाताईच.

आधी तारखा पाहू, कारण लोक नेमक्या त्याच विसरतात. रीमाताईंचा जन्म 21 जून 1958 चा. ‘कयामत से कयामत तक’ 1988 च्या एप्रिलमध्ये लागला तेव्हा त्यांना तीस पुरी नव्हती आणि त्यांची लेक झालेली जुही चावला वीस वर्षांची होती. पुढच्याच वर्षी त्या ‘मैंने प्यार किया’त सलमान खानची आई झाल्या. तो त्यांच्यापेक्षा साडेसात वर्षांनी लहान. ‘वास्तव’मधला संजय दत्त तर जेमतेम तेरा महिन्यांनी धाकटा. हिंदी सिनेमाला यात काही नवं नव्हतं. ‘मदर इंडिया’त नर्गिस ज्यांची आई झाली ते सुनील दत्त तिच्याच वयाचे, दोघंही 1929 सालचे. ‘शक्ती’त राखी ज्यांची आई झाली ते अमिताभ बच्चन तर तिच्याहून पाच वर्षांनी मोठे.

हे आकडे ऐकले की समोरचा हमखास म्हणतो, ‘मेकअपची कमाल!’ हे कौतुक माझ्या धंद्याचं असलं तरी मला ते घेववत नाही. ते चुकीच्या माणसाला मिळतंय.

तिशीच्या चेहऱ्यावर पन्नाशी रंगवायची एक जुनी रीत आहे. नाकपुडीपासून ओठांच्या कडेला उतरणारी घडी गडद करायची, तिच्या वरच्या कडेला उजळ हात द्यायचा. कानशिलं आत गेल्यासारखी दाखवायची, हनुवटीखालची कड मोडायची. फार म्हातारपण हवं असेल तर कातडी ताणून धरायची, स्पंजानं द्रव लॅटेक्स टिपायचं, ड्रायरनं वाळवायचं, पावडर मारायची आणि कातडी सोडायची. सुरकुत्या आपोआप पडतात. नाटकात दहाव्या रांगेपर्यंत हे सगळं छान पोचतं. सिनेमाच्या फिल्मचे कणही थोडं पोटात घालत. पण मालिकेच्या सेटवर तीन-चार कॅमेरे एकाच वेळी चालतात, म्हणून प्रकाश चहूकडून सपाट टाकावा लागतो. खरी घडी त्या प्रकाशात पुसट होते, रंगवलेली मात्र काळीच राहते. मग चेहरा म्हातारा दिसत नाही, मळका दिसतो.

रीमाताईंना या रेघांची गरजच नव्हती. 1994 हे एकच साल घ्या. ‘हम आपके हैं कौन’मध्ये त्या रेणुका शहाणे आणि माधुरी दीक्षितची आई आहेत. त्याच वर्षी दूरदर्शनवर ‘श्रीमान श्रीमती’तली कोकिला कुलकर्णी, म्हणजे जतीन कनाकियाच्या केशवची फटकळ बायको. आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘तू तू मैं मैं’मध्ये सुप्रिया पिळगांवकरची सासू देवकी. सुप्रिया त्यांच्याहून नऊच वर्षांनी लहान. आवाज बंद करून कोकिला आणि देवकी लागोपाठ पाहा. कोकिलेची मान चटकन वळते, डोळे आधी पोचतात. देवकी बसते तेव्हा सगळं वजन खुर्चीला देते, आणि टोमणा मारण्याआधी पापणी किंचित खाली येते. ही पापणी कुठल्याही डबीत मिळत नाही. मंदाकिनी भडभडेंसारख्या रंगभूमीवरच्या अभिनेत्रीच्या घरी वाढलेल्या या नयन भडभडेनं (हे रीमाताईंचं मूळ नाव) बँकेतली नोकरी सांभाळून नाटकं केली होती, ‘आक्रोश’मध्ये नाचणारीही साकारली होती. सोशिक आईची मूर्ती एवढीच त्यांची आठवण ठेवणाऱ्यांनी ‘पुरुष’ नाटकातली नाना पाटेकरांसमोर उभी राहणारी अंबिका विचारात घ्यावी. ‘वास्तव’च्या शेवटी पोटच्या मुलावर गोळी झाडणारी आई त्याच हाडाची आहे.

हे सगळं समोर असताना आजही पांढऱ्या बटेचा हट्ट सुटत नाही. अलीकडेच एका मालिकेसाठी तेहेतीस वर्षांची मुलगी आईच्या भूमिकेत आली. वाहिनीकडून सूचना आली : भांगापासून कानापर्यंत एक पांढरी बट हवी, पहिल्या फ्रेममध्ये आई कळली पाहिजे. मी विरोध केला, तो चालला नाही. केस असे पट्ट्यानं पिकत नाहीत. बहुतेकींचे आधी कानशिलाशी, विरळ, एकेक करून पिकतात. नुसता पांढरा रंग कॅमेऱ्यात निळसर मारतो, म्हणून त्यात पिवळट छटा मिसळावी लागते आणि ब्रश केसांच्या उलट दिशेनं फिरवावा लागतो. बारा तासांच्या शिफ्टमध्ये घामानं तो दोनदा उतरतो, आणि दुपारची बट सकाळच्या बटेशी जुळत नाही. शिवाय ज्या घरांत ही मालिका बघतात, तिथली पंचेचाळिशीची बाई दर महिन्याला मेंदी नाहीतर डाय लावते. मग पडद्यावरच्या आईनंच काय पाप केलंय? तिच्याच शेजारच्या खुर्चीत पन्नाशीच्या नायकाचे केस काळे करण्याचं काम निमूट चालू असतं.

या बटेबद्दल मी इतकं बोलते त्याला आणखी एक कारण आहे. 10 नोव्हेंबर 2014 ला चारू खुराना यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, तोवर मुंबईच्या चित्रसृष्टीत बाईला संघटनेकडून मेकअप आर्टिस्टचं कार्ड मिळत नसे. मिळे ते हेअरड्रेसरचं. केस आमचे, चेहरा पुरुषांचा. आई रंगवायची असली की माझा अधिकृत हात कानशिलापर्यंत जायचा आणि तिथेच थांबायचा. त्यामुळे केस आणि कातडी जिथे भेटतात ती बोटभर जागा मी फार बारकाईनं पाहिलीय. तिथे खोटं काम झालेलं मला बघवत नाही.

18 मे 2017 ला रीमाताई गेल्या तेव्हा ‘नामकरण’ मालिकेत त्या दयावंती मेहता करत होत्या. नातीची आजी, करडी, प्रसंगी क्रूर. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांच्या भूमिकेचं आणि त्यांचं स्वतःचं वय अखेर जवळ आलं होतं. तिशीत ज्या बाईनं पन्नाशी इतकी खरी दाखवली, तिनं सत्तरीत सत्तरी कशी दाखवली असती, हे मला बघायचं होतं, तेही अगदी कमी रंगात. आता कॅमेऱ्याचं भिंग इतकं तीक्ष्ण झालंय की खरी सुरकुती नीट दिसते, आणि नेमकी आताच संगणकावर कातडी गुळगुळीत करून द्या अशी मागणी येते. साठीच्या अभिनेत्रीची घडी पुसायची आणि तेहेतीशीच्या मुलीला बट लावायची, ही दोन्ही कामं मला एकाच आठवड्यात सांगितली जातात.