पन्नास रुपये कुणाच्या दावणीला?

आमच्या घरी एक देवणी गाय आहे, तेरा वर्षांची. अब्बांनी ती हाळी-हंडरगुळीच्या बाजारातून कालवड असताना आणली होती. तिची पाच वेतं झाली, घरातली मुलं तिच्या दुधावर वाढली. आता तीन वर्षांपासून ती भाकड आहे. फजरची नमाज झाली की अम्मी आधी तिला पाणी दाखवते, मग चुलीकडे वळते.

शिरूर अनंतपाळ तालुक्यात अशी जनावरं आमच्या एकट्याकडेच नाहीत. शेतकरी हिंदू असो की मुसलमान, सोयाबीनचे पैसे हातात पडेपर्यंत दोघांच्या घरचं गणित सारखंच. गायीच्या कत्तलीवर 1976 च्या कायद्यानं बंदी होतीच; मार्च 2015 पासून बैल आणि वळूही त्यात आले. कायदा आम्ही पाळतो. पण म्हाताऱ्या जनावराचं पोट कुणी भरायचं, हा प्रश्न गोठ्यातच राहिला. मागे शेजारचे पाटील अण्णा अब्बांना म्हणाले, "चाचा, गाय गोशाळेत सोडायची असेल तर मी नेऊन देतो. तुम्ही नका निघू तिला घेऊन रस्त्यानं." त्यांना काय म्हणायचं होतं ते अब्बांना कळलं. त्यांनी आत चहा सांगितला आणि पावसाचा विषय काढला.

30 सप्टेंबर 2024 ला राज्य सरकारनं देशी गायीला राज्यमातेचा दर्जा दिला आणि गोशाळांसाठी दर गायीमागे रोज 50 रुपयांचं अनुदान ठरवलं. महिन्याचे 1500, वर्षाचे 18,250. गोशाळांना ते मिळावेत, आमची तक्रार नाही. पण आमची देवणी फाटकाच्या आत गेली तर तिला 50 रुपये, आणि आमच्या दावणीला राहिली तर शून्य. गाय तीच, भूक तीच. जो शेतकरी जनावर सोडून देत नाही, त्याच्याच वाट्याला काही नाही, हे आम्हाला समजत नाही.

गावाचाही एक निवारा होता की! कोंडवाडा. लहानपणी आमची म्हैस कुणाच्या ज्वारीत शिरली की दादा दंड आणि चाऱ्याचे पैसे भरून तिला सोडवून आणायचे, आणि वाटभर आम्हालाच बोलायचे. इंग्रजांच्या 1871 च्या कायद्यावर ही व्यवस्था उभी होती. मुदतीत मालक आला नाही तर लिलाव. ती चालायची एकाच गोष्टीवर: मालकाला जनावर परत हवं असायचं. आता भाकड गाय सोडवायला मालक येत नाही आणि लिलावात बोली लावायलाही कुणी येत नाही. मग ग्रामपंचायतीनं चारा कुठून घालायचा? म्हणून कोंडवाड्यात बाभळी उगवल्या, आणि जनावरं रात्री सोयाबीनमध्ये.

दुष्काळात मात्र सरकारनं वेगळी रीत दाखवली होती. 2016 ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते सगळ्यांच्या लक्षात आहे. छावण्यांचं तितकं बोललं जात नाही. 2019 ला बीडकडे छावण्या होत्या, तेव्हा मोठ्या जनावराला रोजचे 100 रुपयांपर्यंत आणि लहानाला 50 पर्यंत दर गेला. छावण्यांत घोटाळेही झाले, ते खरंच. पण तिथं म्हैस चालत होती, संकरित गाय चालत होती, बैलही. मालकाला जनावर कायमचं सोडून द्यावं लागत नव्हतं. पाऊस पडला की तो दावं धरून घरी न्यायचा.

हेच डोक्यात ठेवून आम्ही दहा-बारा घरांनी मिळून अर्ज केला. पाटील अण्णांची सही पहिली, अब्बांची दुसरी. मागणी मोठी नाही: कोंडवाड्यावर पत्रे, पाण्याचा एक हौद, आणि उन्हाळ्याचे तीन महिने ज्याच्याकडे चारा नाही त्याचं जनावर तिथं बांधायची सोय. गोठा साफ करणं आणि राखण आम्ही पाळीनं करू, हेही लिहून दिलं. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत अर्ज वाचला गेला. अशा खर्चाला अंदाजपत्रकात तरतूद नाही, असं उत्तर मिळालं. अण्णा उठून म्हणाले, "मग तरतूद करा, अंदाजपत्रक काय आभाळातून पडतं का?" सभेत हशा पिकला, आणि अर्ज पुढच्या सभेवर गेला.

अब्बांनी तोवर कडब्याचं एक शेकडा घेऊन ठेवलंय. रचताना पेंढ्या मोजल्या तर चार कमी भरल्या.