तेलाच्या देशात पेट्रोलची रांग

मैत्रिणींनो, मुलांच्या भूगोलाचा नकाशा जरा पुढे ओढा. दक्षिण अमेरिकेच्या उत्तर टोकाला व्हेनेझुएला सापडेल आणि त्याच्या वायव्य कोपऱ्यात माराकाइबोचं विस्तीर्ण सरोवर. पाण्यात खांब रोवून बांधलेली इथली घरं पाहून १४९९ साली आलेल्या युरोपीय खलाशांना व्हेनिस आठवलं, त्यावरून देशाला नाव पडलं 'छोटं व्हेनिस', असं सांगतात. तशी घरं तिथे आजही आहेत, बरं का!

याच सरोवराच्या पूर्व काठी, काबिमासला, डिसेंबर १९२२ मध्ये एका विहिरीतून तेल असं उसळलं की नऊ दिवस थांबेना! मग सरोवरात मनोऱ्यांचं जंगलच उभं राहिलं. उपसा एवढा झाला की काठची जमीन खचली. लागुनियासचा काही भाग आता सरोवराच्या पातळीखाली आहे आणि एका बांधाच्या भरवशावर नांदतो.

पण खरी तिजोरी ओरिनोको नदीच्या उत्तरेला. देशाचा एकूण साठा सुमारे ३० हजार कोटी पिंपं सांगतात, म्हणजे सौदी अरेबियापेक्षाही जास्त. मात्र हे तेल कसं? थंडीत काकवीची बरणी उलटी करून पाहा, तसं. किंबहुना त्याहून चिवट. नळातून ते पुढे सरकतच नाही. त्यात नाफ्त्यासारखं पातळ तेल मिसळायचं, किनाऱ्यावरच्या कारखान्यात नेऊन हलकं करायचं, तेव्हा कुठे ते विकण्याजोगं होतं. त्याला वीज हवी, पैसा हवा, जाणती माणसं हवीत. घोडं अडलं ते तिथेच. २००२-०३ च्या संपानंतर सरकारी तेल कंपनीतली सुमारे १८ हजार माणसं काढून टाकली. तेलाचा पैसा दुसरीकडे वळला, यंत्रं गंजली. २०१९ मध्ये अमेरिकेने निर्बंध कडक केले, तशी मिसळायच्या पातळ तेलाचीही चणचण. १९९८ च्या सुमारास रोज ३० लाखांवर पिंपं निघत. २०२० च्या मध्यावर ४ लाखही निघेनात!

जिथे वर्षानुवर्षं पेट्रोल पाण्याहून स्वस्त, तिथे मे २०२० मध्ये इराणहून जहाजं भरून पेट्रोल आणावं लागलं. सिलिंडर मिळेना, म्हणून शहरातल्या बायकांनी अंगणात लाकडं पेटवून स्वयंपाक केला. रॉकेलचा डबा घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्यांना हे काय वेगळं सांगायचं?

माराकाइबोच्या कोळणींचं दुखणं आणखी निराळं. सरोवराच्या तळाशी जुन्या नळांचं जाळं आहे, त्यातून तेल झिरपत राहतं. घरधनी पहाटे होडी घेऊन जातो आणि मासळीबरोबर काळी चिकट जाळीही घरी येतात.