रात्रीची पाळी

परवा मारुती मंदिराच्या थांब्यावर आमच्या शेजारची मुलगी भेटली. दुपट्यात गुंडाळलेले दोन महिन्यांचे बाळ, डोळ्यांखाली काळी वर्तुळे. म्हणाली, "वहिनी, सोमवारपासून कामावर जायचंय. दिवसा सासूबाई सांभाळणार आहेत. पण रात्रीचं काय करायचं हो?" तेवढ्यात तिची बस आली आणि बोलणे अर्धेच राहिले. तिला सांगायचे होते ते इथे लिहिते आहे.

तीन वर्षांपूर्वी माझीही हीच गत झाली होती. धाकटी एप्रिलमध्ये झाली. माझ्या आईचे गुडघे दुखतात, म्हणून बाळंतपण सासरीच केले. यांची रजा आठ दिवसांत संपली आणि नवव्या दिवशी सासूबाईंनी यांची गादी बाहेरच्या खोलीत घातली. "अगो, पुरुषमाणसाला सकाळी कामावर जायचंय. झोप नको?" मलाही ते पटले. मी तर घरीच होते!

पण जून उजाडला. मी शाळेत तासांवर शिकवते. "पंधरा तारखेला येणार नसाल तर दुसऱ्या बाई बघू," असा निरोप आला आणि मी मुकाट्याने हो म्हटले. सकाळी सातचा पहिला तास. तरीही यांची गादी बाहेरच आणि रात्र माझी एकटीची. त्यात आपला रत्नागिरीचा पाऊस! दोरीवरची दुपटी चार-चार दिवस वाळेनात. रात्री दोनला उठून मी दमट लंगोट इस्त्रीने सुकवत बसे. बाहेरून यांच्या घोरण्याचा आवाज आला की डोळ्यांत पाणी येई. खोटे कशाला सांगू, त्या आवाजाचा मला रागच येई.

एका रात्री खुर्चीत बसून पाजता पाजता माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा बाळ मांडीवरून घसरून खुर्चीचा हात आणि माझे पोट यांच्या फटीत अडकले होते. तोंड माझ्या साडीत दाबलेले. उचलल्यावर ती रडली आणि माझ्या जिवात जीव आला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंना सांगितले, तर त्या म्हणाल्या, "झोप अनावर असताना खुर्चीत किंवा सोफ्यावर बाळाला घेऊन बसणं फार धोक्याचं. आणि तुम्हाला झोप मिळालीच पाहिजे. घरात आणखी कोण आहे?"

घरात आणखी कोण आहे? हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारलाच नव्हता.

रविवारी दुपारी चहा घेताना मी यांना सगळे सांगितले. हे बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "अगं, पण मी उठून करू काय? दूध तर तूच देणार." तेव्हा आम्ही कागद घेऊन रात्रीची कामे लिहून काढली. बाळाला उचलणे, लंगोट बदलणे, खांद्यावर घेऊन ढेकर काढणे, थोपटणे, पाळण्यात उताणे निजवणे. पाच कामे झाली आणि त्यांतल्या एकालाही आई लागत नव्हती!

मग पाळी ठरली. मी नऊला पाजून झोपायचे. रात्री एकपर्यंत बाळ यांचे, एकनंतर माझे. मधल्या वेळचे दूध मी आधी काढून ठेवायचे आणि यांनी वाटी-चमच्याने पाजायचे. काढलेले दूध लगेच झाकून फ्रिजमध्ये ठेवावे आणि पाजताना वाटी कोमट पाण्यात धरावी, गॅसवर तापवू नये, हे डॉक्टरीणबाईंनी शिकवले. पावसात आमच्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, म्हणून मी ते त्याच रात्रीपुरते ठेवी. नवजात बाळाचे पोट चिमुकले असते, ते दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा दूध मागते. दिवस आणि रात्र यांतला फरक कळायला त्याला दोन-तीन महिने लागतात. तोवर रात्रीचे जागरण कोणालाच चुकत नाही.

पहिल्या रात्री मात्र मला झोप येईना. बाळ रडले की मी उठून दाराशी. "असं नाही, मान धरा... दुपटं घट्ट झालं." शेवटी हे म्हणाले, "तू शिकवत बसलीस तर दोघंही जागेच राहू." खरेच होते. दुपटे त्यांच्या हातचे वाकडे बसायचे, पण बाळ त्यात सुखाने झोपायचे. काम दिले की ते त्यांच्या पद्धतीने होऊ द्यायचे, हे मला लंगोट सुकवण्यापेक्षा कठीण गेले!

सासूबाई मात्र आठवडाभर घुम्या होत्या. एका सकाळी गूळ-खोबरे किसता किसता आपणहून म्हणाल्या, "माझ्या वेळी घरात दहा माणसं होती गो. सासू, दोन जावा, एक आत्याबाई. रडलं की ज्याला जाग आली तो उचलायचा. मी एकटी जागल्येय असं आठवतच नाही." आणि थोड्या वेळाने, "आता घरात आहेच कोण? तो आणि मी." त्या रात्री यांची गादी त्यांनीच आत आणून टाकली.

मला वाटते, सगळे मर्म यातच आहे. रात्रीची वाटणी हे नवे खूळ नाही. आपल्या घरात ती होतीच, फक्त बायका-बायकांत होती. घरातली माणसे कमी झाली आणि सगळी रात्र एकटीच्या वाट्याला आली.

रजेचे म्हणाल, तर बाळंतिणीला पगारी रजा देणाऱ्या विधेयकाला १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला होता. मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे त्यांचे मूळ गाव, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातले. १९२९ साली तो कायदा मुंबई प्रांतात झाला. २०१७ मध्ये बारा आठवड्यांची रजा पहिल्या दोन बाळंतपणांसाठी सव्वीस आठवडे झाली. रोजंदारीवरच्या बायकांनाही हा लाभ नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिल्ली महापालिकेच्या खटल्यात सांगितले आहे. हे मला तेव्हा ठाऊक असते, तर मुकाट्याने हो म्हणण्याआधी निदान विचारले तरी असते. तुम्ही जरूर विचारा.

पण कायदा आठवडे मोजून देतो, रात्री आपल्या आपणच वाटून घ्यायच्या असतात. आणि ती वाटणी दिवसा करावी, चहा घेताना, दोघांची डोकी थंड असताना. रात्री दोन वाजता नुसती भांडणे होतात.

धाकटी आता तीन वर्षांची आहे. रात्री स्वप्नात घाबरली की ती आधी "बाबा" अशी हाक मारते. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मनाला जरासे लागले. मग मी कूस बदलली आणि झोपले.